मानेमागचा हात

बाळीवेस, सोलापूर
११ जानेवारी १९७९

चि. विरुपाक्ष,

आशीर्वाद. हवे असले तर ठेव.

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. तीन वर्षांत तुझ्या आईला आलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आत्यांना नमस्कार’ एवढी ओळ असते. तुझ्या आईला अक्षर नीट दिसत नाही, म्हणून पत्र मीच मोठ्याने वाचते, आणि ती ओळही मलाच माझ्या तोंडाने वाचावी लागते. मी शब्द टाकून मिळवून दिलेली व्याख्यात्याची नोकरी लाथाडून तू बंगळूरला कुणाच्या तरी कॅमेऱ्याची पेटी उचलायला गेलास. त्या दिवशी तुला जे बोलले ते बोलले. त्यातला एकही शब्द परत घ्यायला हे पत्र नाही.

कारण वेगळं आहे. तू ज्या धंद्यात पडलास त्याची आता पदवी मिळते, आणि ती चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवणाऱ्या समितीवर तुझी आत्या आहे.

इथल्या एका कॉलेजाने तीन वर्षांमागे ‘छायाचित्रण आणि चित्रपट’ असा पदवीचा अभ्यासक्रम काढला. पहिली तुकडी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाने तिघांना तपासणीला पाठवलं. अध्यक्ष भूगर्भशास्त्राचे आहेत. समोरचा माणूस किती थरांचा आहे याचा अंदाज घेतल्यासारखे बघतात आणि काही बोलत नाहीत. दुसरे सदस्य जेवणाच्या वेळेला ताजेतवाने झाले. तिसरी मी. इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका, कडक म्हणून प्रसिद्ध, आणि घरी रिकामी. आम्ही बंद करा म्हटलं तर या मुलांच्या हातात पदवी पडणार नाही. पुन्हा पहिल्या वर्षापासून दुसरं काहीतरी शिका, एवढंच.

काय बघितलं ते ऐक. रसायनशास्त्राचं जुनं कोठार हीच डार्करूम. दाराच्या फटींना गोधडीच्या चिंध्या ठोकलेल्या. चित्रपटाचा कॅमेरा एक. फिल्म इतकी थोडी मिळते की मुलं वर्षभर रिकामा कॅमेरा चालवून सराव करतात, आणि फिल्म भरलेल्या दिवशी हळद लागल्यासारखी घाबरतात. भिंगं शिकवायला पदार्थविज्ञानाचे सर, कथा शिकवायला मराठीचे. ग्रंथालयात या विषयाचं कपाट दाखवा म्हटलं तर शिपायाने किल्ली हरवल्याचं सांगितलं, आणि मला वाटतं त्याने विभागाची लाज राखली. विभागाचे प्रमुख हिंदुराव. पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता. माणूस सज्जन आहे, पण स्टुडिओवाला प्राध्यापक झाला की गड्ड्याच्या जत्रेत रंगवलेल्या विमानात बसून फोटो काढतात तसं दिसतं: बसलेला खरा, विमान खोटं.

मग मुलांनी काढलेली छायाचित्रं बघितली. एक मुलगी, जगदेवी नाव, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका खेड्यातली. तिचं मुख्य चित्र घरच्या मंडळींचं. मधोमध खुर्चीत आजी. कपाळभर विभूती, नवं लुगडं, गळ्यात हार. भोवती सगळं गोत, एकाच्याही तोंडावर हसू नाही. आणि ज्यांच्यासाठी हा थाट, त्या आजीबाईंचे डोळे मिटलेले. शिवाय मानेमागून एक हात आलेला, नुसता हात, मनगटापर्यंत. मी विचारलं, “आजीबाईंना ऐन वेळी डुलकी लागली वाटतं? आणि हा बेवारशी हात कुणाचा?” सगळे हसले. भूगर्भातूनही हसू आलं. मी पुढचं चित्र मागितलं. ती म्हणाली, “व्हय बाई,” आणि पुढचं चित्र दिलं.

अहवाल इंग्रजीत मी लिहिला. त्यात हे उदाहरण घातलं आहे. विद्यार्थ्यांना समोरच्याचे डोळे उघडे असताना बटण दाबावे एवढेही शिकवलेले नाही. एका चित्रात मुख्य व्यक्ती चक्क झोपली आहे, आणि तिला सावरणारा हात लपवण्याची तसदीही कुणी घेतलेली नाही. बेळगावच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर एका वाक्यात निबंध फाडायच्या, त्या हातखंड्याचं वाक्य आहे.

मला एवढंच विचारायचं आहे. तू तीन वर्षं हेच करतो आहेस. पदवी द्यावी असं यात काय असतं?

तुझी आई बरी आहे.

आत्या

.

बाळीवेस, सोलापूर
२४ जानेवारी १९७९

चि. विरुपाक्ष,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी चार ओळी, आणि त्या उघड्या कार्डावर. पोस्टमनने वाचल्या असणार. त्याचा चेहरा तसा होता.

तू लिहितोस, ती आजी झोपलेली नव्हती. ती गेलेली होती. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवतात, विभूती लावून हार घालतात, आणि पुष्कळ घरांत माती देण्याआधी तसाच घरच्यांसोबत एक फोटो काढून घेतात. मान टिकत नाही म्हणून मागून कुणीतरी धरतं. चित्र न बघता तू नुसत्या हातावरून ओळखलंस.

बसवून नेतात हे मला ठाऊक होतं. मी काही विलायतेत जन्मले नाही. पण मी सातव्या वर्षी वसतिगृहात गेले. आई-आप्पा गेले तेव्हा मला कुणी आणलं नाही, परीक्षा होती म्हणून. पुढे नागपूर. कुणी गेल्याचं मला नेहमी तारेने कळलं, आणि तारेला चेहरा नसतो. फोटो काढतात हे मला कुणी सांगितलंच नाही, तर ते माझ्या डोक्यात कुठून येणार? चूक असलीच तर त्या वर्गात गप्प बसलेल्यांची आहे, असं ठरवून मी परवा हिंदुरावांकडे गेले आणि त्यांना फैलावर घेतलं. मुलगी लहान आहे, भेदरली असेल. तुमच्या तोंडाला काय झालं होतं?

ते उभेच होते. मला खुर्ची देऊन उभेच राहिले. म्हणाले, “बाई, तुम्ही जगदेवीच्याच समाजातल्या. आडनावच कलशेट्टी. तुम्हाला माहीत नाही असं आमच्या मनात येईल तरी कसं? आम्हाला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून बोललात. शिकलेल्या माणसाने असल्या रीती सोडाव्यात, असं तुम्हाला सुचवायचं असेल.”

“आणि जगदेवीला काय वाटलं?”

“तिलाही तेच वाटलं, बाई.”

मी मूर्ख ठरले असते तर चाललं असतं. त्या वर्गात मला कुणी मूर्ख समजलंच नाही. आपल्याच माणसांच्या मेलेल्या म्हातारीला बघून, ओळखून, हसणारी बाई समजले. मी त्यांच्या टेबलावरची धूळ बोटाने पुसून दाखवली आणि निघून आले.

अहवाल अध्यक्षांकडे गेलेला आहे. पुढच्या महिनाअखेर विद्यापीठाच्या बैठकीत ठेवतील. बाकी अहवाल खरा आहे, हे विसरू नकोस. कॅमेरा एकच आहे. कपाटाची किल्ली अजून हरवलेलीच आहे. एका उदाहरणाने सगळा निष्कर्ष उलटा होत नाही, आणि मी काय करायचं हे तू मला कार्डावरून शिकवू नयेस.

तुझ्या कार्डातली शेवटची ओळ, ‘दादांचा फोटोही तसाच आहे’, हिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुझ्या आईला कार्ड वाचून दाखवलं नाही. ‘मजेत आहे’ म्हणून सांगितलं.

आत्या

.

बाळीवेस, सोलापूर
६ फेब्रुवारी १९७९

चि. विरुपाक्ष,

काल मी जगदेवीच्या गावी जाऊन आले. एस.टी.ने. माफी मागायला गेले होते असं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण मी ती मागितली नाही, म्हणून लिहीत नाही.

घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं, स्वच्छ. जगदेवी विहिरीवर गेली होती. तिची आई मल्लव्वा एकटी शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं, कॉलेजच्या तपासणीला आले होते म्हटलं, आणि ती बाई पदर सारखा करत उठली ती थेट माझ्या पाया पडली. मला वाटलं, रागावलेल्या माणसाची ही काही नवी तऱ्हा असेल.

“बसा की बाई. पोरगी सांगत हुती, तुमी तिचा फोटू लई येळ बघितला म्हनून. बाकी कुनाचा एवडा बघितला न्हाई म्हनली.”

मुलीने आईला एवढंच सांगितलं होतं.

फोटो भिंतीवर आहे. मल्लव्वाने मला हाताला धरून त्याच्यासमोर नेलं आणि ओळख करून दिली, लग्नघरात करून देतात तशी. हा दीर, ही जाऊ, ही नणंद, ही सासू. “आनि ह्यो हात माझा.” ती हसली. “सासूची मान ऱ्हाईना की सरळ. कुनीतरी धराय पायजे. मी म्हनलं, मी धरते, आयुष्यभर तिनं मला धरलं. शहरातला फोटूचा रंगवाला म्हनला, हात पुसून देतो, पेन्सिलीनं जातोय. सगळे पुसूनच घेत्यात. पोरगी आईकंना. म्हनली, हात ऱ्हाऊ दे, ह्या फोटूत सगळ्यात खरा त्योच हाय.”

मी त्या हाताकडे बघत राहिले. बोटं पसरलेली आहेत, अंगठा कानामागे. न्हाऊ घातलेल्या मुलाचं डोकं धरतात तसा. तपासणीच्या दिवशीही तो तसाच होता.

मग तिने विचारलं. तेवढ्यासाठीच ती इतका वेळ थांबली होती, आणि विचारताना माझ्याकडे न बघता शेंगांकडे बघत होती. “पोरीला डिग्री मिळंल न्हवं? दीर म्हनत्यात, फोटूची कसली डिग्री, बंद पडनार हाय, पोरगी घरी आना, जतच्या पावन्यांना हो म्हना. सासू हुती तवर तिनं कुनाला बोलू दिलं न्हाई. आता मी एकली हाय बोलायला. कागुद हातात आसंल तर बोलता येतंय, बाई.”

मी म्हणाले, बघू. चाळीस वर्षं इंग्रजी वाङ्मय शिकवलेल्या तुझ्या आत्याला ‘बघू’ हा एक शब्द सुचला. मग तिने मला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं, आणि मी ते खाल्लं. दोनदा दही घेतलं. सांगायचं ते प्रत्येक घासाबरोबर खाली गेलं.

जगदेवी आली तेव्हा मी हात धूत होते. मला बघून ती दारातच थांबली. आईपुढे तिने काही दाखवलं नाही. घागर ठेवली, बाई कधी आलात म्हणून विचारलं, आणि सोडायला फाट्यापर्यंत आली. वाटेत मी सुरुवात केली. सुरुवात इंग्रजीत झाली, लाज वाटली की मला मराठी सुचत नाही. तिने मध्येच थांबवलं.

“आईला सांगू नका, बाई. तिला वाटतंय तुमाला फोटो आवडला.”

मी म्हणाले, मला खरंच माहीत नव्हतं, मी हसले ते—

“हसला त्याचं काय नाही. हसत्यात लोकं.” ती रस्त्याकडे बघत होती, एस.टी. येते का म्हणून. “तुमी हात कुनाचा म्हनून इचारलं आनि उत्तराला थांबला न्हाई.”

गाडी आली. तिने माझी पिशवी वर दिली. मी खिडकीतून बघितलं तर ती वळून चालू लागली होती, भराभर, काम पडल्यासारखी.

आज सकाळी अध्यक्षांना पत्र टाकलं आहे की अहवाल परत पाठवा. हे मी तुझ्या सांगण्यावरून करत नाही.

आत्या

.

बाळीवेस, सोलापूर
४ मार्च १९७९

चि. विरुपाक्ष,

अध्यक्षांनी अहवाल परत दिला नाही. तीन सह्या झाल्या आहेत, आणि उदाहरण चुकलं तरी निष्कर्ष बरोबर आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी बैठकीला गेले. बोलायची परवानगी मागितली.

मी सांगितलं की कॅमेरा एकच आहे, पुस्तकं नाहीत, हे सगळं खरं आहे आणि ते विद्यापीठाने द्यावं. पण मुलांना काही येत नाही हे मी ज्या चित्रावरून लिहिलं, ते चित्र मलाच वाचता आलं नाही. मी मेलेल्या बाईला झोपलेली म्हटलं. त्या मुलीने हात लपवला नाही तो ठरवून, आणि तिला ते का ठरवावंसं वाटलं हे मी विचारलं असतं तर हा अहवाल वेगळा झाला असता. कुणीतरी विचारलं, “पण बाई, आपण तर त्याच समाजाच्या ना?” मी हो म्हटलं. मग हसू आलं. दाबलेलं, रुमालातलं. मी ते ओळखलं. आयुष्यभर दुसऱ्यांवर काढत आले आहे.

निर्णय अर्धा झाला. चालू तुकड्यांना परीक्षा देऊ देतील, पदवी देतील. नवे प्रवेश बंद, दुसरी समिती येईपर्यंत. अहवालाच्या प्रती कॉलेजांना आधीच गेल्या होत्या. त्यांच्या मागून आता एक पानाचं शुद्धिपत्र जाईल, ‘अमुक पानावर मृत व्यक्तीस निद्रिस्त म्हटले गेले आहे’. ते मीच लिहिलं. त्यावर सही माझी एकटीची आहे. आधीचं वाक्य मात्र सगळ्यांना आवडलं होतं असं कळतं. कुणी कुणी पाठ केलं आहे.

जगदेवीला ते पान नेऊन दिलं. तिने उभ्याने वाचलं, घडी घातली, पुस्तकात ठेवलं. “बरं,” म्हणाली. आणखी काही मिळावं असं मी केलेलंही नाही.

आता तुझ्या कार्डातली शेवटची ओळ.

दादाचा, तुझ्या वडिलांचा, फोटो मधल्या खोलीत दारावर आहे. तो गेला तेव्हा मी नागपूरहून चौथ्या दिवशी पोहोचले. फोटो महिन्याने फ्रेम होऊन आला. फेटा, विभूती, हार, खुर्ची, मिटलेले डोळे. त्याच वर्षी व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार केला होता. मी समजले तो सत्काराचा फोटो. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

मी काय करत आले हे तुला माहीत आहे, पण ते माझ्या अक्षरात एकदा असू दे. घरी कुणी आलं की मी त्या फोटोकडे बोट करून सांगायची: आमचा दादा, भर सत्कारात डुलकी काढणारा सोलापुरातला एकच व्यापारी. नक्कल करून दाखवायची, मान एका बाजूला टाकून. दर सुट्टीत, दर सणाला. पाहुणे हसायचे. तू लहान होतास, उठून बाहेर जायचास. मी म्हणायची, या पोराला विनोद कळत नाही.

काल तुझ्या आईला विचारलं. म्हटलं, ईरम्मा, इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस? ती वाती वळत होती. हात थांबले नाहीत.

“वन्सं, पैल्यांदा तुमी बोलला तवा छातीत धस्स झालं. मग तुमी सांगत गेला, ह्यांची मान कशी, ह्यांचं घोरनं कसं. त्या घटकाभर हे जित्ते असल्यागत वाटायचे. म्हनलं, ऱ्हाऊ द्या, सांगू देत.”

“आणि विरुपाक्ष?”

“त्याचं त्याला इचारा.”

मी स्टुलावर चढून फोटो उतरवला. उजेडात नेला, वाचायचं भिंग घेतलं. मानेच्या मागे, फेट्याच्या खाली, पडदा जरा धुरकट आहे. पेन्सिलीने पुसल्याच्या बारीक रेघा दिसतात. रंगवाल्याने काम चांगलं केलं आहे. फक्त कानाच्या मागे, फेट्याच्या घडीत, एक बोट त्याच्या नजरेतून सुटलं आहे. ते मोठ्या माणसाचं नाही. नख वाढलेलं आहे, आणि बोट वाकलेलं आहे, फार जोर लावून धरल्यासारखं.

फोटो पुन्हा लावला नाही. माझ्या टेबलावर ठेवला आहे, भिंतीला टेकवून.

विरुपाक्ष, हात कुणाचा?

या वेळी मी उत्तराला थांबले आहे.

तुझी आत्या